नाल्याकडची बाजू

केज,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय अभिमन्यू,

"शेवटच्या तुकड्याला एक बाजू उघडी ठिवा रे, आत काय काय जीव हाय ते आपल्याला ठाव न्हाई." आपल्या बप्पांचं हे वाक्य तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा माझ्या कडेवर होतास. तुला काय कळलं असणार! पण पुढे चालायला लागलास तसं ते जणू तुझ्यासाठीच बोललेलं असल्यासारखा तू वागायचास. ऊस कडेकडेने तोडत आत गेलं की शेवटी मधोमध एवढासा तुकडा उभा राहायचा आणि साऱ्या फडातले ससे, मुंगसं, रानमांजरं, एखादी डुकरीण पिलांसकट त्यात दाटून बसायची. बाकीच्या टोळ्या चारी बाजूंनी कोयते आणि काठ्या घेऊन उभ्या राहत, कारण त्या दिवशी कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, शिकारीची सागुती शिजायची. आपल्या टोळीत मात्र बप्पा एक बाजू सोडायला लावत. तुळजाकाकू कमरेवर हात ठेवून बप्पांना म्हणायची, "गहिनीनाथ भावजी, तुमच्या दयेपायी आमच्या ताटातली सागुती पळाली बघा." सगळी टोळी हसायची. तू त्या मोकळ्या बाजूला उभा राहून कुणी आडवं येत नाही ना ते बघायचास, आणि तिचा तानाजी पलीकडून ढेकळं मारत ओरडायचा, "ससा सोडू नको बे, आभ्या!"

हे आज कावून आठवलं, असं तू म्हणशील. सांगते. शाळेत मी मुलांना नेहमी म्हणते की पत्रात आधी मुद्द्याचं लिहावं, पण मला स्वतःला ते जमलेलं नाही. आधी घरचं सांगते. बप्पांचा खोकला कमी आहे. ऐकू मात्र अगदीच कमी येतं, त्यामुळे ते सगळ्यांशी ओरडून बोलतात आणि वर दुसऱ्यांनाच विचारतात की एवढं ओरडता कशाला. प्रियदर्शनी तपासणीला केजला आली होती, माझ्याकडेच राहिली. बाळ चांगलं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझी बायको फार शहाणी आहे, अभिमन्यू. ती काही विचारत नाही. जेवताना मात्र तिचा फोन ताटाशेजारी पालथा असतो, आणि वाजला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग फोनकडे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुमच्या पलटणीतला सोमनाथ सुट्टी संपवून निघाला आहे, त्याच्याबरोबर शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी देते आहे. पत्र पिशवीच्या दुहेरी बुडाच्या आत शिवणार आहे. सोमनाथ चांगला मुलगा आहे असं सगळे म्हणतात. पण काल त्याने दोनदा विचारलं, "आक्का, नुसती चटणीच हाय ना?" का विचारलं असेल? हल्ली मला असंच होतं. दूधवाल्याने तुझी चौकशी केली तरी मी त्याच्याकडे बघत राहते.

याची सुरुवात तुझ्या फोनपासून झाली. दसऱ्याची आपट्याची पानं अजून देवापुढे होती तेव्हा टीव्हीवर बातमी आली की लष्कर ज्याच्या मागावर इतकी वर्षं होतं तो अतिरेक्यांचा म्होरक्या एका डोंगराळ खेड्यात मारला गेला. आपल्या तेलगावात सुंदरराव पुढाऱ्यांनी चौकात फटाके वाजवले. तू आणि तानाजी, दोघंही त्या मोहिमेत होतात हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतास, आणि आपल्या बोलीत बोलत होतास. "आक्का, तान्या गेला. नाल्याकडं मी व्हतो. तान्या माज्या फुडं व्हता." मागून कुणीतरी काही बोललं आणि फोन बंद झाला. त्यानंतरचे तुझे सगळे फोन वेगळे आहेत. "मी बरा आहे. काळजी करू नये. बप्पांना नमस्कार सांगावा." भाषणाला उभं राहिल्यासारखं बोलतोस. ज्या पोराने मला आयुष्यात कधी 'करू नये' म्हटलं नाही, तो असं बोलतो तेव्हा त्याच्या खोलीत आणखी कोण बसलं आहे, असं माझ्या मनात येतं. किंवा कुणीच बसलेलं नाही आणि तू माझ्यापासूनच लांब बसला आहेस, असंही.

मी बातम्या वाचत गेले. पेपरात त्या घराचं चित्र आलं होतं: समोर रस्ता, एका अंगाला खडक, मागे अक्रोडाची झाडं, दुसऱ्या अंगाला खोल नाला. पहाटे तुम्ही चारी बाजूंनी वेढा घातलात. जमलं तर त्याला जिवंत धरायचं होतं. भोंग्यावरून घरातल्या लोकांना पुढच्या दाराने, हात वर करून यायला सांगितलं. काही आले. मग आतून गोळीबार झाला, तुमचे लोक आत घुसले आणि तो म्होरक्या आतल्या खोलीत मारला गेला. बातमीच्या शेवटी एक ओळ होती, की त्याचा एक साथीदार नाल्याच्या बाजूने निसटला. बाकी कुणी ती ओळ वाचली असेल असं मला वाटत नाही. मी पोळ्या करताना पोळपाटावरच्या पिठात बोटाने ते घर काढलं. नाला काढला. तुला नाल्याच्या काठावर ठेवलं, तानाजीला तुझ्या पुढे, घराकडे तोंड करून. मग मी ते पीठ झटकलं आणि बप्पांना करपलेली पोळी वाढली.

तोवर तानाजीला पेटीतून आणलं होतं. तू आला नाहीस. तुला येऊ दिलं नाही, असं तू म्हणालास. त्याच्याबरोबर आलेल्या सुभेदारसाहेबांना मराठी येत नव्हतं आणि तुळजाकाकूला हिंदी फारसं कळत नाही, म्हणून मला मध्ये उभं केलं. ते म्हणाले, पीछे से फायर आया. मी ते तिला मराठीत सांगितलं. दुसरं काय सांगणार होते मी? पण मंडपात तेलगाव लोटलं होतं, आणि माझे ते शब्द तिथून जे निघाले ते आजपर्यंत हिंडत आहेत. तेलगावच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी मी जीपची वाट बघत उभी होते, तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "म्होरं बघून लढनाऱ्याला पाठीत कशी लागंल बे? पळत आसंल." दुसरा म्हणाला, "हळू बोल, सरकारी शहीद हाय त्यो." आणि दोघं हसले. वेशीवर तानाजीच्या नावाची कमान करायची म्हणून सुंदररावांनी खड्डे खणून घेतले होते. ते खड्डे तसेच आहेत. त्यात आता शेळ्या उतरतात.

तुझ्याबद्दल मी काय काय विचार केला ते सगळं लिहीत नाही. एक शंका तर अशी होती की ती मनात आल्यावर मी देवघरापुढून उठून गेले. तानाजीच्या मागे तूच होतास ना. अंधार होता. मग वाटायचं, तू घाबरून जागा सोडलीस का? तुझा फोटो समोर ठेवून मी विचारायचे, यातलं कोणतं? तुला अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या बाईने हे विचारावं, आणि पुन्हा त्याच हातांनी तुला चटणी भरून द्यावी!

मग डिसेंबरात तू चार दिवस आलास. गावातल्या रामप्रसादच्या उसाला तोड आली होती, आणि बप्पांना फड बघायला जायचं होतं म्हणून आपण तिघं बांधावर गेलो. आठवतं ना? टोळी नवी होती, पण कुणीतरी बप्पांचीच रीत उचललेली असावी, कारण शेवटचा तुकडा उरला तेव्हा ओढ्याकडची बाजू त्यांनी मोकळी ठेवली. बप्पा खूश होऊन ओरडले, "शाब्बास रे!" आणि तू धावलास. चपला बांधावर टाकून, उसाच्या खोडक्यांवरून अनवाणी. "बंद करा ती बाजू! कुनी सोडली ती बाजू?" तू त्या फटीत पाय रोवून उभा राहिलास. आतून एक रानमांजर आलं, तुझ्यापुढे थबकलं, तू हातातला ऊस उगारलास. टोळीतला एक जण हसून म्हणाला, "ओ फौजी, मांजर हाय, अतिरेकी न्हाई!" सगळे हसले. तू हसला नाहीस. मांजर परत आत गेलं. तू तिथेच उभा राहिलास, सगळा ऊस पडेपर्यंत, आणि तुझ्या पायांतून रक्त येत होतं. बप्पांना काहीच कळलं नाही. ते मला म्हणाले, "कावून चिडलाय गं ह्यो? लहानपनी तर ससा धरला तर रडायचा." मी म्हटलं, दमलाय. पण अभिमन्यू, मला त्या बांधावर कळलं. जागा सोडून पळालेला माणूस जागा अडवून असा उभा राहत नाही. ज्याने एकदा वाट दिली आहे, तोच असा उभा राहतो.

आणि तरी मी काही विचारलं नाही. केजच्या स्टँडवर तुला सोडायला आले, आपण चहा घेतला, गाडीला उशीर होता. तू कपाकडे बघत म्हणालास, "आक्का, बाईमानूस समजून येखाद्याला वाट दिली, आन् ते बाईमानूस नव्हतंच, तर?" मी विचारलं, तर काय? तू म्हणालास, "काय न्हाई. पिक्चरमधलं हाय." आणि गाडी लागली नव्हती तरी उठलास. मी तुला खिडकीतून केळी दिली. तू म्हणालास, "येतो." सगळी एस.टी. माणसांनी भरली होती आणि मला त्या साऱ्यांचा राग आला, कारण ती नसती तर कदाचित मी विचारलं असतं. कदाचित नसतंही.

आता मला वाटतं ते लिहिते, चूक असेल तर सांग. वेढ्याच्या आत, गोळीबार सुरू होण्याआधी, शालीत गुरफटलेलं कुणीतरी घरातून निघून, तानाजीला चुकवून, नाल्याच्या बाजूने वाकत वाकत तुझ्यासमोर आलं. हातात लेकरू होतं, की लेकरासारखं धरलेलं गाठोडं? तू थांबवायला हवं होतंस, पुढच्या दाराकडे न्यायला हवं होतं. तसा हुकूमच असणार. तू एक पाऊल बाजूला झालास. ते माणूस तुझ्यामागे नाल्यात उतरलं. घरात गोळीबार सुरू झाल्यावर ते खालून, झाडांमधून वळसा घेऊन पुढे आलं, आणि घराकडे तोंड करून नेम धरलेल्या तानाजीवर त्याने मागून गोळी झाडली. तुझ्यासमोरून कुणी गेल्याशिवाय तानाजीच्या पाठीशी कुणी पोचूच शकत नव्हतं, अभिमन्यू. मी ते पिठात पुन्हा पुन्हा काढून पाहिलं आहे.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या अंधारात मी असते तर मीही बाजूला झाले असते. आपल्याला दुसरं शिकवलंच कुणी होतं?

गेल्या आठवड्यात तेलगावला आपल्या घरी दोन माणसं आली. जीप पांढरी, कपडे साधे, बोलणं फार गोड. सैनिकांच्या घरच्यांची विचारपूस करतो म्हणाले. मी नेमकी तिथेच होते. विचारपूस करणारी माणसं घराकडे बघतात, छप्पर, पाणी, म्हाताऱ्याचं औषध. ही माणसं आमच्याकडे बघत होती. तू लहानपणी कसा होतास, भांडखोर की हळवा, तानाजीशी कधी बिनसलं होतं का. बप्पांना चार वेळा ओरडून सांगितल्यावर प्रश्न कळला आणि ते फुलून आले. "आमचा अभिमन्यू? मुक्या जनावराचा लई कैवारी! उसाचा शेवटचा तुकडा ऱ्हायला का ह्यो काय करायचा म्हाईती हाय का…" त्यातल्या धाकट्याने कप खाली ठेवला. मी पुढे झाले आणि बप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, गोळी दिली, म्हटलं, बप्पा, आधी औषध. सकाळी दिलेली गोळी मी पुन्हा दिली. ते गोळी गिळेपर्यंत मी त्या माणसांना म्हटलं, दुसऱ्या पोरांसारखाच होता हो, मारामाऱ्या करायचा. त्यांनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. पण जाताना धाकट्याने वळून विचारलं, "बाई, तुम्ही शिक्षिका ना?" बस, एवढंच. तेव्हापासून मला झोप नीट नाही.

म्हणजे मी तुला वाचवलं, असं समज. आणि पुन्हाही वाचवीन. ती माणसं परत आली तर बप्पांना मी माझ्याकडे केजला आणून ठेवीन. त्यांच्याशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही. पण त्या दिवशी खोटं बोलून झाल्यावर मी भांडी घासायला बसले आणि मला तुळजाकाकू दिसायला लागली. आपली माय तापाने पडली होती तेव्हा तुला आणि तानाजीला एकाच झोळीत घालून झोके देणारी. तिला मी काय दिलं? तिच्या पोराच्या पाठीतली गोळी, मराठीत करून.

काल मी तेलगावला गेले होते. सुंदररावांनी पाठवलं म्हणून. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर तुझा सत्कार आहे, मोठ्या नेत्यांना बोलावलं आहे, फाट्यापासून मिरवणूक आहे, हे तुला माहीत आहेच. फ्लेक्स लागले आहेत, तुझा फोटो माणसापेक्षा मोठा आहे. तुला माहीत नाही ते हे, की स्टेजवर तुला ओवाळणार आहे ती तुळजाकाकू. वीरमातेच्या हातून वीराचं औक्षण, असं पत्रिकेत छापलं आहे. मला वाटलं ती रडेल, नाही म्हणेल. ती ओसरीवर चिंचेने पितळेचं ताट घासत बसली होती. म्हणाली, "मालक गेल्यापून मला कुनी ताटाला हात लावू दिला न्हाई गं मंगल. भाचीच्या लग्नातबी मागं उभं केलं. सुंदरराव म्हनले, काकू, तुमाला सगळं चालतं." मग ताट उन्हात धरून बघितलं आणि हळूच म्हणाली, "गावातलं म्या आयकलंय. बहिरी न्हाई मी. पर आभ्या तिथं व्हता. ओवाळताना त्याच्या तोंडाकडं बघीन. माजा तान्या पळत व्हता का न्हाई, ते मला त्याच्या तोंडावर दिसंल. त्याचं तोंड म्या लहानपनापून वाचलंय."

त्यासाठी हे पत्र आहे. तू तिच्यासमोर पाटावर उभा राहशील, मान झुकवशील, आणि तोंड दगडासारखं ठेवशील, जसं फोनवर ठेवतोस. आणि ती त्यातून वाचेल की तिचा मुलगा पळत होता. उरलेलं आयुष्य ती तसंच समजत राहील. मला ते बघवणार नाही. म्हणून मागते आहे. सत्काराच्या आदल्या दिवशी ये. आधी घरी येऊ नकोस, तेलगावच्या फाट्यावर उतर, तिच्या ओसरीवर जाऊन बस आणि काय झालं ते तिला सांग. चौकशीत सांग असं मी म्हणत नाही, स्टेजवरून सांग असं म्हणत नाही. फक्त तिला. ती तुला मारेल, शिव्या देईल, कदाचित गावभर ओरडेल. तुझी नोकरी जाईल, तुला शिक्षा होईल, बाळ जन्मेल तेव्हा तू कुठे असशील कुणास ठाऊक. हे सगळं मी प्रियदर्शनीच्या ताटात वाढताना स्वतःला सांगून पाहिलं आहे, त्यामुळे तू काय उत्तर देशील ते मला माहीत आहे. तू नाहीच म्हणशील, आणि तसं म्हणण्यात तुझं काही चुकलं असंही मला म्हणता येणार नाही. तरी मागते. हे वाचून झालं की जाळ, पण जाळण्याआधी एकदा विचार कर, आणि तिने ताटात वात लावायच्या आधी तिला सांग, की तान्या पळत नव्हता.

तरीही तुझीच,
मंगलआक्का